वर्गणीच्या पावतीवरचा पत्ता

रविवारी सकाळी मुंबईत नऊ वाजतात, तेव्हा मेलबर्नला दुपारचे दीड वाजलेले असतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळे एक तास पुढे केली की अडीच. गेल्या मार्चपासून ही वेळ मी दुसऱ्या कुणालाही देत नाही. साताऱ्याच्या सैनिक शाळेतून १९९९ साली बारावी होऊन बाहेर पडलेली आमची तुकडी या डिसेंबरात, पंचवीस वर्षांनी, पुन्हा शाळेत जमणार आहे आणि त्याच्या तयारीसाठी आम्ही दर रविवारी फोनवर एकत्र येतो. निम्म्याहून अधिक जण मुंबई आणि ठाण्यात राहतात, काही पुण्याला, काही लष्करात, आणि माझ्यासारखे काही देशाबाहेर. मुलगी विचारते, की ज्यांना इतकी वर्षे भेटला नाहीस त्यांच्याशी एवढे काय बोलतोस? तिला आणि घरच्या वाचकांनाही सांगावे असे यंदा खरोखरच काही घडले, म्हणून हे लिहितो आहे.

आमची शाळा म्हणजे देशातली पहिली सैनिक शाळा. २३ जून १९६१ रोजी ती सुरू झाली. मुलांना खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी तयार करणे हा या शाळांचा मूळ हेतू. पाचवीत असताना प्रवेश परीक्षा द्यायची आणि सहावीपासून घर सोडायचे. १९९२ च्या जूनमध्ये मी काळी पत्र्याची ट्रंक घेऊन परळच्या आगारातून साताऱ्याच्या एसटीत बसलो, तेव्हा द्रुतगती मार्ग झालेला नव्हता. बोरघाट आणि खंबाटकी ओलांडून पोहोचेपर्यंत दिवस संपत असे. शाळेत आम्हाला एकमेकांचे रोल नंबर आधी पाठ झाले आणि नावे नंतर. ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने, ताटाच्या कडेला खिळ्याने टोचून आणि बनियनच्या आतल्या बाजूला धोब्याच्या शाईने, सगळीकडे तो नंबर असे. आजही आमच्यातल्या कित्येकांची आडनावे मला आठवत नाहीत, पण नंबर चुकत नाही.

तयारीच्या पहिल्याच बैठकीत नावांची यादी समोर आली. ती बारावीच्या सामूहिक छायाचित्रावरून केलेली होती आणि यादी करणाऱ्यांनी ती मनापासून, कष्टाने केली होती. पण सहावीत आलेली सगळी मुले बारावीपर्यंत थांबत नसत. दहावीनंतर बरेच जण अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शिक्षणाच्या ओढीने आपापल्या शहरातल्या महाविद्यालयात जात. काही जण त्याआधीच, घरच्या अडचणींमुळे, सुट्टीला म्हणून जात आणि परत येत नसत. जूनमध्ये त्यांची खाट दुसऱ्याला दिलेली असे. त्या यादीत लालबागचा माझा मित्र नव्हता. तो आठवीनंतर, १९९५ साली गेला होता.

त्याच्याशिवाय मला तो कार्यक्रम मान्य नव्हता. त्याचे कारण १२ मार्च १९९३ या तारखेत आहे. त्या शुक्रवारी दुपारी दीड ते पावणेचारच्या दरम्यान शेअर बाजारापासून विमानतळापर्यंत मुंबईत एकामागून एक बॉम्बस्फोट झाले आणि त्यांत २५७ माणसे मारली गेली. आम्ही तेव्हा सहावीत होतो. संध्याकाळी अभ्यासाच्या तासाला सदनाचे शिक्षक आत आले आणि त्यांनी मुंबईच्या मुलांना उभे राहायला सांगितले. त्यांनी काही लपवले नाही. ठिकाणे वाचून दाखवली. त्यांत प्लाझा सिनेमा होता. आमचे घर प्लाझापासून पाच मिनिटांवर. फोन लागत नव्हते. त्या रात्री दिवे मालवल्यावर लालबागचा मित्र त्याची चादर घेऊन माझ्या खाटेवर येऊन बसला आणि आम्ही दोघे काहीही न बोलता पहाटेच्या शिटीपर्यंत तसेच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी तार आली: दोन्ही घरे सुखरूप. माझ्या वडिलांनी ती केली असणार, असे मी त्या दिवशी धरून चाललो आणि पुढे तीस वर्षे तसेच मानत आलो.

ऑगस्टच्या शेवटी मी आईकडे दादरला आलो, तो मनाशी त्याला शोधायचे ठरवूनच. त्याची चाळ राहिलेली नव्हती. तिच्या जागी उंच इमारत उभी होती आणि पहारेकऱ्याला जुन्या भाडेकरूंची काहीच माहिती नव्हती. पण गणपती आठवड्यावर आले होते आणि फाटकाशेजारी त्याच चाळीच्या मंडळाचा मांडव बांधून होत आला होता. लालबाग-परळची माणसे गिरण्या बंद पडल्यावर विरार, बदलापूर, अंबरनाथपर्यंत पांगली, पण आपल्या चाळीच्या गणपतीची वर्गणी चुकवत नाहीत, हे मी ऐकून होतो. मांडवात बसलेल्या खजिनदार काकांना मी त्याचे नाव आणि वडिलांची गिरणी सांगितली. त्यांनी काही न विचारता आदल्या वर्षीचे पावतीपुस्तक काढले, बोटाला थुंकी लावून स्थळप्रती उलटत गेले आणि एका कागदावर थांबले. कार्बनच्या निळसर, थोड्या फाकलेल्या अक्षरांत लिहिले होते: नालासोपारा पूर्व, रुपये पाचशे एक, आणि खाली मोबाइल नंबर. काका म्हणाले, “विसर्जनाला येतो ना तो दर वर्षी. तुम्ही कोण त्याचे?”

मी त्याच संध्याकाळी फोन लावला. नाव सांगितले, तर पलीकडून नुसती शांतता. मग मी माझा रोल नंबर सांगितला. तो एवढेच म्हणाला, “अरे, तू कुठे आहेस? मी येतो.” विरारच्या कारशेडमधली रात्रपाळी संपवून, घरीही न जाता तो दुसऱ्या दिवशी सकाळी दादरला उतरला. केस पांढरे झाले होते. चालताना डावा खांदा किंचित वर उचलायची सवय मात्र तशीच होती, कवायतीच्या मास्तरांनी तीन वर्षे सांगूनही न गेलेली.

त्याने शाळा का सोडली, हे मला तेव्हा नीट कळले नव्हते. वडिलांच्या गिरणीत पगार थकत गेले आणि मग तो बंदच झाला. शिष्यवृत्ती मिळत होती, पण घरी धाकटी दोन भावंडे होती आणि हातभार लावणारे दुसरे कुणी नव्हते. तो रात्रशाळेत शिकला, आयटीआय केले आणि रेल्वेत लागला. हे सगळे सांगताना त्याच्या बोलण्यात कुणाविषयी कडवटपणा नव्हता. शाळेत येण्याविषयी विचारले, तेव्हा मात्र तो चहाच्या ग्लासाकडे पाहत राहिला. “बारावीच्या फोटोत मी नाही रे,” तो म्हणाला, “तिथे मी कुठल्या नात्याने उभा राहू?”

मी त्या रात्रीची आठवण काढली आणि माझ्या वडिलांच्या तारेविषयी बोललो. त्याने मान हलवली. तार त्याच्या वडिलांनी केली होती. पहिल्या पाळीवरून सुटल्यावर बाहेर गोंधळ पाहून ते आधी स्वतःच्या घरी गेले आणि तिथून तसेच चालत दादरला, आमच्याकडे. रस्त्यात काचांचा खच होता. माझी आई सुखरूप असल्याचे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, फोर्टातल्या कचेरीतून माझे वडील घरी येईपर्यंत ते जिन्यात थांबले आणि मगच तारघर गाठून दोन्ही घरांची मिळून एक तार केली. परळच्या आगारात मुलांना पोहोचवताना झालेल्या ओळखीवर त्यांनी हे केले होते.

माझे वडील आता नाहीत. मी घरी जाऊन आईला विचारले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “हो, तेच आले होते. मी इतकी घाबरले होते, की त्यांना घोटभर चहासुद्धा विचारला नाही.”

पुढच्या रविवारच्या बैठकीत मी ही हकीकत जशीच्या तशी सांगितली. एकजण म्हणाला, की सोडून गेलेल्यांना बोलावले तर तुकडी ठरवायची कशी? प्रश्न प्रामाणिक होता. त्याला उत्तर दिले आमच्यातल्या एका सैन्याधिकाऱ्याने: रोल नंबर शाळेने सहावीत दिले आहेत, यादी त्यावरून करा. तेव्हापासून दर रविवारी एकेक नंबर सापडतो आहे. एक जण चिपळूणला शिक्षक आहे, एकाचे मुलुंडला औषधांचे दुकान आहे, आणि एकाच्या घरी फोन लावला तेव्हा तो सहा वर्षांपूर्वीच गेल्याचे त्याच्या पत्नीने सांगितले. त्याचाही नंबर आम्ही यादीत ठेवला आहे आणि ती मुलांना घेऊन येणार आहे.

लालबागच्या मित्राला दोन दिवसांची रजा मिळाली आहे. बाकीचे गाड्या घेऊन निघतील. आम्ही दोघे मात्र परळहून एसटीनेच जाणार आहोत. आईने फोनवर बजावले आहे, की आगारात जाण्याआधी त्याला घरी घेऊन ये, आणि नालासोपाऱ्याहून त्याच्या वडिलांनाही आण. एकतीस वर्षांपूर्वीचा चहा व्हायचा राहिला आहे.