आमची वाटचाल : पीएलसीचे प्रोजेक्ट एजंटला वाचायला देताना

कंपनी छोटीच आहे आमची. सुरुवात कंट्रोल पॅनेल आणि पीएलसी (मशीन चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) प्रोग्रॅमिंगने झाली, मग हळूहळू जुन्या मशीनचीच कामं जास्त यायला लागली, म्हणजे प्रोग्राम कोणीतरी लिहून गेलेला, कॉमेंट एक नाही, लिहिणारा नोकरी सोडून गेलेला आणि कस्टमरला त्याच लाइनवर एक कन्व्हेयर वाढवून हवाय. निम्मा वेळ कोड लिहिण्यात नाही, दुसऱ्याचा कोड वाचण्यातच जायचा.

त्यात फाइलींची तऱ्हा वेगळीच. पीएलसीच्या भाषांचं आयईसी ६११३१-३ हे स्टँडर्ड १९९३ पासून आहे, लॅडर, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट वगैरे भाषा सगळीकडे साधारण सारख्या, पण फाइल मात्र ज्याची त्याची. रॉकवेलची एसीडी फाइल बायनरी, ती एल५एक्स म्हणून एक्सपोर्ट केली की एक्सएमएल, म्हणजे वाचता येणारा मजकूर, मिळतो. सीमेन्सच्या टीआयए पोर्टल सॉफ्टवेअरमधून ओपननेस हा त्यांचा इंटरफेस वापरून प्रोग्रामचे ब्लॉक बाहेर काढावे लागतात. बेकहॉफच्या ट्विनकॅट ३ मध्ये तर पीओयूच्या (प्रोग्रामच्या एकेका भागाच्या) फाइली आधीपासूनच एक्सएमएल, त्या बिचाऱ्या सरळ उघडतात. हे सगळं वाचायला आम्ही स्वतःपुरत्या स्क्रिप्ट लिहून ठेवल्या होत्या, विकायचं वगैरे काही डोक्यात नव्हतं.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एआयला बाहेरची टूल जोडायची ठरलेली पद्धत) आणला, आणि आमच्या लक्षात आलं की त्याच स्क्रिप्ट टूल म्हणून मांडल्या तर एआय एजंट (दिलेली टूल स्वतः वापरून काम करणारा एआय) त्या स्वतः बोलावू शकतो. टॅगची (प्रोग्राममधल्या व्हेरिएबलची) यादी दे, लॅडरची अमुक रंग (rung, म्हणजे शिडीची एक पायरी) दाखव, हा टॅग कुठे कुठे वापरलाय ते शोध, एवढंच. फक्त वाचायचं, कंट्रोलरमध्ये काही लिहायचं नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं आणि अजूनही त्यात बदल नाही. कोड लवकर झाला. खरं काम डॉक्युमेंटेशनचं निघालं, आणि त्याचाच आता आमच्या धंद्यात मोठा वाटा आहे.

कारण एजंट मॅन्युअल चाळत बसत नाही हो, टूलचं नाव, त्याखालचं वर्णन आणि कोणते इनपुट द्यायचे एवढ्यावर तो ठरवतो. माणूस वर्णन वाचून "बघू काय होतंय" म्हणतो, एजंट त्यावर विश्वास ठेवून पुढचं पानभर उत्तर लिहून मोकळा होतो.

उदाहरण सांगतो. टॅग कुठे वापरलाय ते शोधणारं टूल. उत्तर रिकामं आलं की एजंट लगेच म्हणणार, हा टॅग कुठेच वापरात नाही, काढून टाका. आता प्लांटवर काम केलेल्या कोणालाही विचारा, तो म्हणेल थांब. ॲरेमधला घटक इंडेक्सने उचलला असेल तर साध्या शोधात तो सापडत नाही, आणि एचएमआय (ऑपरेटरचा स्क्रीन) किंवा स्काडा (प्लांटवर नजर ठेवणारी सिस्टिम) बाहेरून त्या टॅगवर लिहीत असेल तर पीएलसीच्या प्रोजेक्टला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून वर्णनात आम्ही स्पष्ट घातलं : "रिकामं उत्तर म्हणजे टॅग निरुपयोगी असा अर्थ नाही, इंडेक्सने केलेला वापर आणि बाहेरच्या सिस्टिमचा वापर यात येत नाही." हेच वाक्य रिकाम्या उत्तरासोबतही परत पाठवतो, कारण लांबच्या संभाषणात वर्णन मागे पडतं.

टॅगच्या व्हॅल्यूचंही तेच. एक्सपोर्टमध्ये टाकीची लेव्हल ६२ दिसते, ती फाइल सेव्ह झाली तेव्हाची, आत्ताची नाही. न सांगितल्यास एजंट "सध्या टाकी ६२ टक्के भरलेली आहे" असं बेधडक सांगतो, आणि ऐकणारा नवा मेंटेनन्सवाला असेल तर झालंच कल्याण. एकाच नावाचा टॅग कंट्रोलरलाही आणि एखाद्या प्रोग्राममध्येही असू शकतो, तेव्हा स्कोप, म्हणजे टॅग त्यातला कुठला, तो प्रत्येक उत्तरात द्यायचा. सोर्स प्रोटेक्शन (कोड लपवणारं कुलूप) लावलेली ॲड-ऑन इन्स्ट्रक्शन (स्वतः बनवलेला, परत परत वापरायचा ब्लॉक) असेल तर "आतलं लॉजिक लॉक आहे, वाचलेलं नाही" असं उत्तरातच यायला हवं, नाहीतर एजंट नावावरून अंदाज बांधून गोष्ट रचतो.

बऱ्याच लोकांना वाटतं डॉक्युमेंटेशन म्हणजे टूल काय काय करतं त्याची जाहिरात. माझ्या मते टूलला काय दिसत नाही हे आधी लिहावं, बाकी नंतर. कस्टमरला दाखवताना हे जरा अवघड जातं, पहिल्याच पानावर "हे होणार नाही" वाचून काहींचा चेहरा पडतो, पण कमिशनिंग (साइटवर मशीन चालू करून देणं) केलेले इंजिनिअर उलट तेच पान आधी उघडतात.

लिहायचं काम आमच्याकडे प्रोग्रॅमर एकटा करत नाही. साइटवर जाणारा इंजिनिअर शेजारी बसतो, जुना प्रोजेक्ट उघडून एजंटला प्रश्न टाकतो आणि उत्तर चुकलं की आधी वर्णन बदलून बघतो, कोडला हात नंतर.

लॅडर आणि स्ट्रक्चर्ड टेक्स्टचं बऱ्यापैकी बसलंय. सध्या फंक्शन ब्लॉक डायग्राम (ब्लॉक वायरींनी जोडून प्रोग्राम काढायची भाषा) चालू आहे, एल५एक्समध्ये त्यातल्या वायरी आयडीने जोडलेल्या असतात, कुठल्या ब्लॉकमधून निघून कुठल्या पिनला गेली ते शब्दांत मांडलं की मोठ्या शीटचं उत्तर भलतंच लांब होतं, त्यामुळे एका आउटपुटपासून मागे मागे जाणारं वेगळं टूल करतोय, आणि त्याचं "काय दिसत नाही" हे पान आत्ताच भरायला लागलंय.