पाट्या वर जायला हव्यात: शाळेच्या लिलावाची तयारी

जिल्हा परिषद शाळेसाठी लिलाव ठेवायचा तर २६ जानेवारी सोयीचा. झेंडावंदनाला पालक आलेलेच असतात, शिवाय हुरड्याचे दिवस असतात.

सहा आठवडे आधी शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करा आणि पैसे कशासाठी हवेत ते त्यात नेमकं लिहा. ‘शाळेच्या विकासासाठी’ म्हटलं की माणसं इकडेतिकडे बघतात; ‘मुलींच्या स्वच्छतागृहाला दार आणि ५०० लिटरची टाकी’ म्हटलं की खिशात हात जातो. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात. लिलावासाठी गावात वस्तू मागायला त्यांनीच फिरावं. गुरुजी दारात आले की नाही म्हणता येत नाही, आणि ते मनात राहतं.

जाहीर बोलीला पंधराच वस्तू ठेवा. एकेकीला तीन मिनिटं धरली तरी पाऊण तास जातो आणि तेवढ्यात लहान मुलं रडायला लागतात. बाकीच्या वस्तू व्हरांड्यात मांडून शेजारी कागद लावा: वस्तू, सुरुवातीची बोली, किमान वाढ. त्याखाली ज्याने त्याने आपली बोली लिहायची. ही लेखी बोली मिटण्याआधी दहा मिनिटं शाळेची घंटा द्या, नाहीतर शेवटच्या बोलीवरून हमखास वाद.

दुकानातून आणलेल्या मिक्सरवर बाजारभावापुढे कोणी जात नाही. पोरांचा हात लागलेल्या वस्तूवर जातात. प्रत्येक मुलाने घरून कापडाचा एक तुकडा आणायचा, ३६ तुकड्यांची गोधडी आज्यांनी शिवायची. मग ३६ घरं तिच्यावर डोळा ठेवून असतात. शिवाय दहा किलो इंद्रायणी तांदूळ, एका कुटुंबाला शेतावर हुरडा, आठवडाभर शाळेची घंटा वाजवण्याचा मान (याला खर्च शून्य, आणि चढाओढ बघण्यासारखी). बोली किमतीच्या साधारण ४० टक्क्यांवर उघडा. हजारापर्यंत ५०ची वाढ, पुढे १००ची.

प्रत्येक घराला क्रमांक, आणि तो खडूने लिहिलेली पाटी मुलाच्या हातात. बोली आईबापांची असली तरी पाटी पोरगं उचलतं, म्हणून घरातलं कोणी उठून जात नाही. पुकारा करणाऱ्याने बाजार समितीतल्या कांद्याच्या वेगाने जाऊ नये. ‘एकवार, दोनवार’ नंतर थोडं थांबावं. नवऱ्याला कोपर मारायला वेळ लागतो.

मोठा घोळ होतो तो गावातल्या एखाद्या बड्या आसामीमुळे. पहिल्या तीन वस्तू त्यांनी उचलल्या की बाकीच्या पाट्या खाली जातात त्या जातातच. म्हणून एका घराला दोनच वस्तू, आणि पाच घरांनी मिळून एक बोली लावायची मुभा. गोधडी शेवटी ठेवू नका, दहावी ठेवा. शेवटी वस्तूविना बोली, म्हणजे नुसती देणगी: ५,००० पासून खाली १०० पर्यंत यायचं, ज्याला जमेल त्याने पाटी वर करायची. देणाऱ्यांची नावं वाचताना आकडे वाचू नका.

तिकिटं विकून लकी ड्रॉ मात्र नको. खासगी लॉटरी कायद्याने गुन्हा आहे.

क्यूआर कोड समितीच्या खात्याचाच लावा, कुणाच्या खासगी नंबरचा नाही. गर्दीत रेंज जाते, तेव्हा पन्नास-शंभरच्या सुट्यांचा डबा हाताशी असू द्या. बोली टिपायला दोघं बसवा आणि दर पाच वस्तूंनी वह्या जुळवा. ‘संध्याकाळी देतो’ म्हणणाऱ्याची वस्तू संध्याकाळीच द्या. आठ दिवसांत हिशेब फळ्यावर, टाकीच्या बिलासकट.