आरपीएमचा काटा खाली-वर आणि कारण निघालं पीसीव्हीचा होज (इंजिनातले वायू परत आत नेणारा रबरी पाईप) : माझा अनुभव

माझी गाडी पेट्रोल, जुनी, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) केबलने उघडणारं मॉडेल. सकाळी थंड इंजिनवर एकदम मस्त सुरू व्हायची, पण गरम झाली की न्यूट्रलला उभी असताना आरपीएम ९०० वरून १६०० ला जायचा, परत धपकन खाली, परत वर, असं एका लयीत चालूच. ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवला की सगळं शांत, पिकअपही व्यवस्थित.

ही लय महत्त्वाची आहे. प्लग किंवा कॉइल गेली असेल तर इंजिन मिसिंग करतं, म्हणजे थरथरतं, पण काटा असा ताल धरून झुलत नाही. इथे तर ठरल्यासारखं वर-खाली, म्हणजे कोणीतरी कंट्रोल करायचा प्रयत्न करतंय आणि त्याला जमत नाहीये, आणि ते कोणीतरी म्हणजे ईसीयू, इंजिनचा कंप्युटर.

गॅरेजमध्ये सांगितलं की प्लग बदला, थ्रॉटल बॉडी साफ करा, नाहीतर आयडल व्हॉल्व्ह (आयडलला, म्हणजे पाय काढून गाडी उभी असताना, हवा सांभाळणारा) टाका. थ्रॉटल बॉडी मी साफ केली, कारण तिथे काजळी होतीच आणि ते काम तसंही अधूनमधून करायलाच हवं. फरक थोडाच पडला. प्लग काढून बघितले तर टोकं पांढरट, म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. पार्ट घेत सुटण्यापेक्षा आधी आकडे बघू म्हणून ईसीयूमधले कोड आणि आकडे वाचणारा ओबीडी स्कॅनर लावला. कोड होता पी०१७१, म्हणजे सिस्टीम लीन, पण कोड फक्त एवढंच सांगतो, का ते सांगत नाही.

खरी गोष्ट फ्युएल ट्रिममध्ये सापडली, आणि ज्यांच्या गाडीला हा त्रास आहे त्यांनी हे एकदा बघाच. ट्रिम म्हणजे ईसीयू ठरलेल्या पेट्रोलच्या किती टक्के जास्त किंवा कमी देतोय तो आकडा. साधारण अधिक-उणे १० च्या आत असला तर ठीक. माझ्याकडे आयडलला शॉर्ट (त्या क्षणाचा) आणि लाँग (साठत गेलेला) ट्रिम मिळून अधिक २४ च्या आसपास, आणि रेस धरून २५०० वर नेलं की अधिक ५. म्हणजे हवा मोजणाऱ्या मास एअर फ्लो सेन्सरच्या पुढे कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय. आयडलला इंजिन हवाच इतकी कमी घेतं की छोटी गळतीसुद्धा मोठा हिस्सा होते, रेस वाढली की तीच गळती एकूण हवेत किरकोळ ठरते. पेट्रोल पंप कमजोर असता तर उलटं दिसलं असतं, लोड वाढेल तसा ट्रिम वाढला असता.

मग आरपीएम झुलतो कशाने? जास्तीच्या हवेने रेस चढते, थ्रॉटल तर बंद, ईसीयूला वाटतं गाडी उतारावर पाय काढून चाललीय, तो पेट्रोल तोडतो. रेस पडते, बंद पडू नये म्हणून पेट्रोल परत देतो, रेस परत चढते. थंड इंजिनला तो मुळातच जास्त पेट्रोल देतो आणि पेट्रोल तोडायची मर्यादाही वर असते, म्हणून सकाळी काही कळत नव्हतं.

आता लीक शोधायची. स्प्रे मारून शोधतात, पण तो पटकन पेट घेणारा असतो आणि गरम एक्झॉस्ट शेजारीच, मला ते पटत नाही. मी इंजिन चालू ठेवून होज पाईप एकेक करून बोथट पक्कडीने दाबत गेलो, बेल्ट आणि फॅनपासून हात लांब ठेवून. ब्रेक बूस्टरचा दाबला, काही नाही. पीसीव्ही व्हॉल्व्हकडून मॅनिफोल्डकडे (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांकडे) जाणारा दाबला आणि काटा सरळ ७५० च्या आसपास येऊन थांबला! होज काढला तर वळणाच्या खालच्या बाजूला, वरून दिसणारच नाही अशा ठिकाणी चिरलेला, ऑइलने रबर फुगून मऊ पडलेलं. व्हॉल्व्ह हलवून बघितला तर खडखड वाजत नव्हता, चिकट झालेला, तोही बदलला.

होज घेताना ऑइलला टिकणारा आणि व्हॅक्यूमला आत न दबणाराच घ्या, साधा पाण्याचा पाईप काही दिवसांत चपटा होतो. आणि बसवल्यावर लगेच गाडी जरा जड, पेट्रोलचा वास येत चालली तर घाबरू नका. लाँग ट्रिममध्ये जुना जास्तीचा हिशोब साठलेला असतो, स्कॅनरने क्लिअर करा किंवा थोडं चालवा. माझा ट्रिम आता आयडलला अधिक २-३, आणि २५०० वरही तेवढाच.