मावशींची चप्पल

"टाचेचं हाड वाढलंय म्हणतात, आता ऑपरेशनच का हो ताई?" एक्स-रेचं पाकीट पुढे करत मावशींनी विचारलं. वय 52, खानावळीत रोज पाच तास उभ्याने पोळ्या करायचं काम. उठल्यावर पहिली पाच-दहा पावलं टाकताना जीव जातो, चाललं की सैल पडतं, संध्याकाळी पुन्हा ठणका. टाचेच्या तळाला आतल्या बाजूने अंगठा दाबला तशा त्या कळवळल्या. तळव्याचा चिवट पडदा, प्लांटर फॅशिया, हाडाला चिकटतो तीच ही जागा. एक्स-रेत वाढलेल्या हाडाचा काटा होता, पण तसा काटा न दुखणाऱ्या टाचांतही सापडतो. त्यासाठी ऑपरेशन नको.

मग चप्पल मागितली. संकोचत त्यांनी ती कागदावर ठेवली. साधी रबरी स्लिपर, दोन वर्षांची. पट्टीने मोजली: बोटांखाली 12 मिलिमीटर, टाचेखाली 5. टाच बोटांपेक्षा खाली! त्यात पोटऱ्या आखडलेल्या. गुडघा सरळ ठेवला तर पाऊल जेमतेम काटकोनात येई, गुडघा वाकवला की सहज वर. अशी पोटरी टाचेला मागून ओढते आणि तो ताण तळव्यावर येतो.

व्यायाम दोनच दिले. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला. 30 सेकंद, तीनदा, सकाळ-संध्याकाळ. आणि अंथरुणातून उतरण्याआधी पाय मांडीवर घेऊन बोटं वर ओढून धरायची, दहा अंक मोजून सोडायची, दहा वेळा. बर्फाच्या बाटलीवर तळवा फिरवायला सांगण्याआधी संवेदना तपासली. मधुमेहात तळवा बधिर असेल तर बर्फ लावू नये.

नवी चप्पल मागे पट्टा असलेली, टाच एक-दोन सेंटिमीटर उंच, बोटांपाशी वाकणारी पण मधोमध न दुमडणारी. स्पंजासारखी मऊ नको, ती लवकर दबते.

खरी अडचण घरात होती. स्वयंपाकघरात देव, तिथे चप्पल कशी घालणार? मग ओट्यासमोर जाड रबरी मॅट, आणि पलंगाशी फक्त घरात वापरायची धुतलेली जोडी, उंबऱ्यापर्यंत.

सहा आठवड्यांनी सकाळचं दुखणं दोन पावलांवर आलं होतं. काम एक दिवसही बंद नव्हतं. जुनी स्लिपर मोरीत वापरू का, म्हणाल्या. तीही नको, तळ गुळगुळीत झालेली रबरी चप्पल ओल्या फरशीवर हमखास सरकते.