सात एकर जिराईत

आळंदीचं प्रस्थान, पुण्यातले मुक्काम, दिवेघाट, सासवड, जेजुरी, वाल्हे. कुठल्या दिवशी काय झालं ते आता नीट लागत नाही. आठवतं ते मधलंच काहीतरी. पहाटे तीनला टँकरखालच्या अंघोळीवरून एकीशी झालेलं भांडण. तंबूत कानाशी घोरणाऱ्या मावशी, आणि त्याच मावशींनी उठल्यावर न विचारता माझीही वळकटी बांधून ट्रकवर टाकलेली. नीरेला चिखलात रुतून राहिलेली एक चप्पल. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, पण पुढे एवढे मोबाईल वर झालेले की माउलींच्या अश्वाची मला दिसली ती नुसती शेपटी. टापाखालची माती मात्र कपाळाला लावली. कुणीतरी हातात दिली म्हणून.

तात्या, माझे वडील, फाल्गुनात गेले. वारी त्यांनी कधी केली नाही. ‘आषाढात रान मोकळं टाकून चालत गेलो, तर इठ्ठलच हाकलून देईल,’ म्हणायचे. दुसरं कारण मूड असला तरच सांगायचे : ‘वळीत चालायची हौस बेळगावात फिटली.’

बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर. १९६७ला भरती, पंधरा वर्षं नोकरी, मग पेन्शन आणि मरेपर्यंत माण तालुक्यातली सात एकर जिराईत. गाव त्यांना मेजर म्हणायचं. ते नाईक म्हणून निवृत्त झाले होते. आधी प्रत्येकाला दुरुस्त करायचे, पुढे दमले.

एक मात्र त्यांना पटलं असतं. मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी टाळमृदंगांचा असा कल्लोळ असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. चोपदार दंड वर करतात, आणि एका दमात सगळा तळ गप्प. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ तेवढे वाजत राहतात. मग तक्रार ऐकायची, हरवल्या-सापडल्याचं सांगायचं, उद्याची निघायची वेळ सांगायची. ही शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर. तेही साताऱ्याकडचेच, शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. अश्व येतात तेही बेळगावाकडच्या अंकलीहून, शितोळे सरकारांचे. हे तात्यांना सांगायचं राहून गेलं. ‘मग त्यात काय, फौजेतलाच माणूस तो,’ एवढंच म्हणाले असते म्हणा.

फलटण सोडलं आणि माझा जीव कातावला. डाव्या पायाच्या टाचेला रुपयाएवढा फोड. दिंडीतल्या एकाने सल्ला दिला, ‘माउलींचं नाव घ्या, दुखत नाही.’ त्याच्या पायात नवे कोरे बूट होते. मी नाव घेतलं, कुणाचं ते सांगत नाही.

बरडच्या पुढे दुपारी दोनचं ऊन. दोन्हीकडे हिरवागार ऊस. नीरेच्या उजव्या कालव्याचं पाणी. आणि उसाच्या पलीकडे, दक्षिणेला, शंभू महादेवाच्या डोंगराची निळसर ओळ. त्या डोंगरापल्याड आमचं गाव. ना कालवा, ना पाऊस. लहानपणी एसटीतून फलटणला येताना घाट उतरला की तात्या खिडकीतून तोंड फिरवून घ्यायचे. ‘कॅनॉलवाले,’ एवढा एकच शब्द. शिवीसारखा.

मी दिंडी सोडून लिंबाखाली बसले. फोड फोडावा म्हणून साडीची पिन काढली, तोच एक म्हातारी समोर येऊन उभी राहिली. डोक्यावर तुळस.

‘फोडू नको गं माय. चिघळतंय.’

तुळस तिने सांभाळून मुळाशी टेकवली आणि माझा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. मी मागे ओढला, तर घोट्यावर चापट दिली. कमरेच्या पिशवीतून सुई, पांढरा दोरा, तेलाची बाटली. दोरा तेलात बुडवून फोडाच्या एका कडेने आत घातला, दुसरीकडून काढला आणि दोन्ही टोकं लांब ठेवून तोडला. पाणी दोऱ्यावरून ठिबकायला लागलं. ‘ऱ्हाऊ दे तसाच. आपोआप गळंल.’

मला रडू आलं, ते दुखलं म्हणून नव्हे. तात्या हेच करायचे, अस्संच. रोज रात्री चिमणी जवळ ओढून आमच्या सगळ्यांच्या पायांची तपासणी व्हायची. काटा, भेग, फोड. ‘पाय गेला की जवान गेला.’ आई म्हणायची, ही पोरं आहेत, पलटण नव्हे. त्याचा उपयोग व्हायचा नाही.

म्हातारी परभणीकडची निघाली. ‘कुनाची लेक?’ असं विचारलं तिने, आणि मी सांगत सुटले. तात्या गेल्यापासून कुणाशी एवढं बोलले नव्हते. वडील फौजेत होते, जंगी पलटणीत, एकाहत्तरच्या लढाईत होते, बांगलादेशात, जमालपूरला.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘आन् जमीन किती?’

‘सात एकर. जिराईत.’

‘आरं द्येवा,’ ती म्हणाली. ‘लई कठीण गेलं आसंल मग.’

लढाईबद्दल तिने एक अक्षर विचारलं नाही.

तात्याही सांगायचे नाहीत. शरण या म्हणून धाडलेल्या पत्राला जमालपूरच्या पाकिस्तानी कर्नलने चिठ्ठीत गोळी गुंडाळून उत्तर दिलं होतं, ११ डिसेंबरला ते ठाणं पडलं, हे सगळं मला वाचून कळलं. शाळेत पंधरा ऑगस्टला एकदा त्यांना बोलावलं, तेव्हा ते ओल्या मोज्यांवर पाच मिनिटं बोलले आणि बसले. घरी एवढंच बोलायचे, तेही कुळवणी करून आल्यावर, बाजेवर पडून : ‘घरटी तळं हुतं तिथं. मुठीत माती घेतली की काळी, वली. भात काढल्यालं रान. आमी त्यात मोर्चं खणत हुतो. कुणब्याचं हात थरथरायचं.’

तिथून रजेवर आले ते बहात्तरच्या दुष्काळात. विहिरीत दगड. माझी आई आणि आजी दुष्काळी कामावर, रस्त्याची खडी फोडायला. मी पोटात. संध्याकाळी मिळायची ती सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. तात्या दुसऱ्या दिवशी फौजी हाफ पँट घालून त्याच कामावर गेले. मुकादम ओळखीचा निघाला, म्हणाला, मेजर, तुम्ही बसा सावलीला. ते बसले नाहीत. संग्राम मेडल आणि पूर्वी स्टार ही लढाईची पदकं पुढे कित्येक वर्षं बाजरीच्या बियाण्याच्या डब्यात होती, कारण घरात झाकण घट्ट बसणारा तेवढाच डबा होता.

म्हातारीने तुळस उचलली. नाव विचारायचं माझ्या ध्यानात येईपर्यंत ती ग्यानबा-तुकारामाच्या गजरात पार पुढे गेली होती. धर्मपुरीपर्यंत बघत होते. तुळशीवाल्या दोनशे तरी दिसल्या.

नातेपुते, माळशिरस. वेळापूरला रात्री पाय धुताना पाहिलं, दोरा गळून गेला होता. वाखरीला पाऊस, तंबूत पाणी, पुन्हा भांडण. पंढरपुरात कळसाला हात जोडले. पदस्पर्शाच्या रांगेची लांबी ऐकून तिथूनच मागे फिरले.

चंद्रभागेच्या वाळवंटातून भावाला फोन लावला.

‘पेरलं का रे?’

‘कशाचं पेरतोय. भुरभुर झाली नुसती. तिकडं हाय का पाऊस?’

‘हाय की. लई हाय.’

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘कॅनॉलवाले.’