बाईंचा हिशेब

रविवार, रात्र

आज चर्चमध्ये उपासनेनंतर आमच्या शाळेतल्या बाईंच्या आठवणी सांगायला एकेक जण उठत होता. प्रेमळ, शांत, मृदू स्वभावाच्या, असं जो तो म्हणाला. मागच्या बाकावर माझी नुसती चुळबुळ. प्रेमळ ठीक आहे, पण मृदू? अभ्यासक्रमात नसलेली औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, बाई आम्हाला चौथीत म्हणायला लावायच्या. चुकलं की फक्त बघायच्या. त्या बघण्याने येत असलेली पावकी, म्हणजे पावाचा पाढाही, पळून जायची.

९२ वर्षं जगल्या. नगरपालिकेच्या शाळेत लागल्या तेव्हा रुपयाचे सोळा आणे होते. १९५७च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले. मुलं पटकन शिकली, पण आयांना पटवताना घसा बसला, असं त्या सांगत. चार आण्यांचे पंचवीस पैसे सगळ्यांना मान्य. एका आण्याचे सव्वासहा झाले की भाजीवालीशी भांडण ठरलेलं. पाव पैसा सोडायचा कुणी?

नाशकातलं शरणपूर हा आमच्यासाठी नुसता रस्ता होता. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनची वसाहत होती, गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकत, हे बाईंनीच सांगितलं; तेही गणिताच्या तासाला. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये आफ्रिकेत वारला. त्याचा देह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत जेकब वेनराइट होता, आपल्या नाशकात शिकलेला. ‘अंतर हजार मैल धरा, महिने नऊ. रोजची चाल किती?’ उत्तर पावणेचार मैलांच्या आसपास येतं. आम्ही पाटीवर भागाकार करत होतो आणि बाई खिडकीबाहेर बघत होत्या. डोळे ओले असतील तर आम्हाला दिसू दिले नाहीत.

चर्चच्या मंडळीच्या खजिनदार झाल्यावर तर विचारू नका. दान दोघांनी मिळूनच मोजायचं, मग दुसरा माणूस पाळक असला तरी. कापणीच्या सणाच्या लिलावात हौसेने भोपळ्यावर पाचशेची बोली लावून ‘पैसे नंतर देतो’ म्हणणारे असतातच. सोमवारी संध्याकाळी बाई पावतीपुस्तक घेऊन त्यांच्या दारात. ‘सलाम. भोपळा शिजला का?’

दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला मी त्यांना बँकेत न्यायचे. साहेब म्हणायचा, ‘आजी, तुम्ही कशाला आलात, आम्ही ओळखतो की.’ बाई म्हणायच्या, ‘ओळखून चालत नाही, सही लागते.’

चहाच्या वेळी त्यांचा पुतण्या भेटला. पासबुकाच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं म्हणे: ‘मी गेल्यावर बँकेला लगेच कळवणे. जादा पेन्शन जमा झाल्यास परत करणे.’ तो दफनविधीच्या दुसऱ्याच दिवशी बँकेत जाऊन आला. पोच घेतली का, असं मी विचारलं. घेतली होती.