तंबाखूइतका ओलसर

परवा मृग लागला आणि मी देवघराखालच्या कपाटातली पिशवी बाहेर काढली. साधी झिपलॉकची पिशवी. आत दोन मुठी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि बाहेर मार्करनं लिहिलेलं, ‘गुंथेराय, ८ मार्च’. बरोबर तेरा आठवडे झाले होते. त्या दोन मुठींत माझ्या गेल्या पिढीच्या माशांची अंडी आहेत. ज्या माशांनी ती घातली त्यातला नर आता म्हातारा झालाय, पाठीत वाकलाय, पण खायला टाकलं की अजून सगळ्यांच्या आधी येतो.

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं काम आहे. दिवसभर हातात व्हर्नियर आणि मायक्रोमीटर. त्यामुळे चार वर्षांपूर्वी बेंगळुरूच्या एका हौशी माणसानं मला कुरिअरनं ही अंडी पाठवली, तेव्हा सोबतच्या चिठ्ठीतलं एक वाक्य माझ्या डोक्यात काट्यासारखं रुतून बसलं. ‘कोकोपीट तंबाखूइतका ओलसर ठेवा.’ तंबाखूइतका म्हणजे किती? हे काय माप झालं?

आधी माशाबद्दल सांगतो. किलिफिश म्हटलं की घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, दुसऱ्या माशांना मारतो काय? तसं नाही. डच भाषेत ‘किल’ म्हणजे लहान ओढा, त्यावरून हे नाव आलं असं मानतात. माझ्याकडचा आहे नोथोब्रँकियस गुंथेराय, मूळचा झांझिबार बेटावरचा. नर जेमतेम दोन इंचाचा. अंगावर निळसर हिरवे खवले, प्रत्येक खवल्याला तांबडी किनार आणि शेपटी लालभडक. मादी अगदी मातकट, दुकानात ठेवली तर कुणी वळूनही बघणार नाही. हे मासे पावसाच्या डबक्यात राहतात. डबकं आटलं की सगळे मरतात, एकही उरत नाही. उरतात ती चिखलात पुरलेली अंडी. पुढच्या पावसात त्यातून पिल्लं निघतात. आईबापांची आणि पोरांची गाठ कधीच पडत नाही.

याच कुळातला फर्झेराय नावाचा मासा तर त्याहून घाईचा. झिम्बाब्वेच्या गोनारेझू भागात सापडलेला हा मासा काही महिन्यांतच म्हातारा होतो, म्हणून वार्धक्यावर संशोधन करणारे शास्त्रज्ञ तो प्रयोगशाळेत पाळतात. गुंथेराय टाकीत नीट सांभाळला तर वर्षभर साथ देतो.

आता माझ्या चुका. पहिल्या जोडीची अंडी मी कोकोपीटसकट पिशवीत भरली आणि माळ्यावर ठेवली. वर पत्रा. एप्रिल गेला, मे गेला. उघडून दहा पटीच्या भिंगाखाली बघतो तर अंडी फुटक्या चेंडूसारखी आत दबलेली. अंडं असतं जेमतेम एक मिलिमीटरचं, चांगलं असेल तर काचेच्या मण्यासारखं गोल आणि टणक. एकही तसं राहिलं नव्हतं. दुसऱ्या वेळी मी वजनकाटा घेतला. कोरडं कोकोपीट एवढे ग्रॅम, पाणी एवढे ग्रॅम, सगळं वहीत लिहून. पण या विटेचं कोकोपीट वेगळं, त्या विटेचं वेगळं, कुणी जास्त पाणी धरतं, कुणी कमी. दीड महिन्यात अंड्यांवर पांढरी बुरशी. फार वाईट वाटलं. जे मासे मी रोज डासांच्या अळ्या गाळून घालून वाढवले, त्यांची पुढची पिढी माझ्याच हातानं गेली होती.

अंडी गेलेल्या त्या कोकोपीटचा डबा घेऊन मी अंगणात बसलो होतो. आप्पा शेजारी खाटेवर. आप्पांनी निपाणीला तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं काढली. चिठ्ठीत लिहिलेला शब्द आणि तीस वर्षं तंबाखू हाताळलेला माणूस एकाच घरात होते, आणि मला दोन वर्षं हे सुचलं नाही.

“आप्पा, तंबाखू किती ओला असतो हो?”

“कशाला पायजे?”

सांगितलं. त्यांनी डब्यातलं कोकोपीट मुठीत घेतलं, दाबलं, हात उघडला. गोळा तसाच राहिला.

“ह्यो वल्ला हाय. वखारीत असा माल आला तर आठ दिसात बुरशी धरतोय. दाबून मूठ उघडली की त्यो आपसूक सैल झाला पायजे. हाताला गारवा लागावा, पण हात भिजू नये. आन् भुगा झाला तर समजायचं, गेला माल.”

मग त्यांनी ते जुन्या पेपरवर पसरलं, तासाभरानं पुन्हा मुठीत घेतलं, पुन्हा पसरलं. दिवस मावळेपर्यंत हे चाललं होतं. शेवटी म्हणाले, “आता भर.” त्या पिशवीत अंडी नव्हतीच. पण ते कोकोपीट हातात कसं लागतं ते माझ्या बोटांना कळलं. त्यानंतरची प्रत्येक पिशवी त्यांच्या मुठीतून गेल्याशिवाय बंद झालेली नाही.

अंडी घालून घ्यायचं काम सोपं आहे. दोन फुटी टाकी, एक नर आणि तीन माद्या. एकच मादी ठेवली तर नर तिला धड खाऊ देत नाही. पाच लिटरला चमचाभर खडे मीठ, कारण या माशांना वेल्वेट नावाचा रोग पटकन धरतो. अंगावर सोनेरी पूड उडवल्यासारखं दिसायला लागलं की फार वेळ हातात नसतो. टाकीत एक डबा ठेवायचा, झाकणाला भोक, आत उकळून गार केलेल्या कोकोपीटचा दोन बोटं थर. नर मादीला घेऊन आत जातो, पाठीचा पर तिच्यावर चादरीसारखा टाकतो, दोघं तळाला टेकतात, एकदा थरथरतात. एका थरथरीला एक अंडं. मी चहाचा कप घेऊन हे कितीदा बघितलंय त्याला हिशेब नाही. पंधरा दिवसांनी डबा काढायचा, कापडातून पिळायचा, पेपरवर पसरायचा आणि आप्पांना हाक मारायची.

मला सगळ्यात थक्क करतं ते या अंड्यांचं थांबणं. १९७२ मध्ये जॉन वूर्म्स या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की वाढता वाढता ही अंडी तीन ठिकाणी थांबू शकतात. पहिल्यांदा थांबतात तेव्हा आत जीवाला आकारही आलेला नसतो, पेशी नुसत्या बलकावर विखुरलेल्या. दुसऱ्यांदा थांबतात ती अर्ध्या वाटेवर. तिसऱ्यांदा पिल्लू पूर्ण तयार असतं, डोळे काळेभोर, डोळ्याभोवती सोनेरी कडं, फक्त पाण्याची वाट बघत. आणि एकाच मादीची सगळी अंडी एका वेळी थांबत नाहीत की एका वेळी जागी होत नाहीत.

असं का, हे शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. झांझिबारला पाऊस दोनदा येतो. मार्च ते मे मोठा, त्याला तिथं मसिका म्हणतात, आणि ऑक्टोबरनंतर लहान, तो वुली. नाव ऐकलं की मला आपला वळीवच आठवतो. वळवाच्या भरवशावर सगळं बी टाकलं आणि पुढं महिनाभर ओढ दिली तर आपल्याकडं दुबार पेरणीची पाळी येते. मामांच्या शेतात ती वेळ मी लहानपणी बघितलीय, घरात दोन दिवस कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. या माशाला दुबार पेरायला कुणी उरलेलंच नसतं. म्हणून तो सगळं बी एका पावसावर लावत नाही.

आपल्या सड्यांवरही असे जीव आहेत. आषाढात पन्हाळ्यापलीकडच्या पठारावर कातळातल्या डबक्यांत वाकून बघा. उलटी, पोट वर करून पोहणारी बोटाच्या पेराएवढी कोळंबीसारखी जनावरं दिसतात. त्यांचीही अंडी उन्हाळाभर कोरड्या मातीत पडून असतात. आता ट्रेकला गेलो की मी डबक्यात बूट घालत नाही.

तर परवाचं सांगतो. पिशवीतलं चिमूटभर कोकोपीट भिंगाखाली धरलं, बहुतेक अंड्यांत ते सोनेरी कडं दिसलं. पहिल्या पावसाचं पाणी गार असतं, म्हणून पाणीही गार लागतं. त्यासाठी मी एक वेगळा माठ ठेवलाय, नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवून मग त्यात भरतो. थर्मामीटर २१ दाखवत होता. पसरट ट्रेमध्ये कोकोपीट टाकलं, वर चार बोटं पाणी. भिजलेल्या कोकोपीटमध्ये प्राणवायू कमी होतो, आणि आतल्या पिल्लाला तोच बाहेर यायचा इशारा असतो.

चौथ्या तासाला पहिली हालचाल. नुसते दोन डोळे आणि मागं एक रेघ. रात्री झोपेपर्यंत मी चमच्यानं एकेक उचलून ४१ मोजली. त्यातली तीन तळावर पोट घासत सरकतायत. त्यांच्या हवेच्या पिशवीत हवा भरली गेलेली नाही, ती जगणार नाहीत हे मला माहीत आहे, तरी त्यांना वेगळ्या वाटीत ठेवलंय. बाकीच्यांना सकाळी आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली अगदी बारीक कोळंबी, घातला. तो आदल्या दिवशीच बाटलीत मिठाच्या पाण्यात लावून ठेवावा लागतो, कारण ही पिल्लं पहिल्या दिवसापासून जिवंत खाणं मागतात. तासाभरात सगळ्यांची पोटं नारिंगी झाली. पाच आठवड्यांनी यातले नर रंग धरतील.

वाढली की जास्तीचे मासे ओळखीच्या हौशी लोकांना देतो. रंकाळ्यात किंवा कळंब्यात एकही सोडत नाही, आणि ज्याला देतो त्याच्याकडूनही तसा शब्द घेतो. हे मासे तिथले नाहीत.

ट्रेमधलं कोकोपीट आज पुन्हा पिळलं. भिंगाखाली अजून बरीच अंडी होती, स्वच्छ, न जागलेली. ती दुसऱ्या पावसाची. पेपरवर पसरलं, पंखा एकवर ठेवला आणि संध्याकाळी ताट घेऊन आप्पांकडं गेलो. त्यांना हल्ली नीट दिसत नाही. डोळे मिटूनच मूठ भरली, दाबली, उघडली, अंगठ्यानं जरा चाळवलं.

“अजून एक रात ऱ्हाऊ दे,” म्हणाले.